कोयती कुठे, कधी, कशावरून: वाचकांच्या पत्रांना उत्तरे

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, एक रुग्ण सापडला तर आरोग्य खात्याची माणसं वाडीत जातात, कुठल्या मळ्यात उतरला होता, पायाला भेग होती का, शेजारी कुणाला ताप आहे का, सगळं विचारून लिहून घेतात. मारहाणीत फुटलेलं डोकं दवाखान्यात आलं तर मात्र आपण टाके घालून सोडून देतो. अशीच चौकशी मारहाणीचीही व्हायला हवी, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी कानउघाडणी केली, की बाई, हा पोलिसांचा विषय, तुम्ही औषधपाण्यावर लिहा. त्यांना सांगते, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सरकारी रुग्णालयांत शल्यचिकित्सक म्हणून मी नोकरीची सगळी वर्षं काढली. पोलीस येतात ते मारहाण झाल्यावर, आणि आमच्याकडे रुग्ण येतो तोही त्यानंतरच. आधी कुणी जायचं, हा विषय कुणाचाच नाही, म्हणून मी तो धरून बसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेने १९९६ सालीच हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा ठराव केला होता.

पत्रांतली नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

निवृत्त शिक्षक, राजापूर तालुका

*शेजारच्या वाडीत मे महिन्यात गडग्यावरून दोन चुलतभावांत वाद झाला आणि एकाने दुसऱ्यावर कोयतीने वार केला. दोघंही शांत स्वभावाचे. गावात सगळे म्हणतात, सैतान अंगात शिरला. असल्या गोष्टीचा अभ्यास तो कसा करणार? आणि करून उपयोग काय?*

गुरुजी, ‘सैतान शिरला’ म्हटलं की पुढे विचारायचं काही उरतच नाही, म्हणून मला ते बोलणं खटकतं. तुमच्याच पत्रात पुढे आहे, की गडग्याचा, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधाचा, चिरा काही वर्षं इकडून तिकडे सरकत होता. मोजणीचा अर्ज तालुक्याला पडून होता. त्या दिवशी मुंबईहून दोन्ही घरांची माणसं आली होती, जेवणाआधी दारूची बाटली उघडली होती, आणि दोघेही आंबे काढून आल्यामुळे कोयती कमरेच्या आकडीतच होती. यात सैतान कुठे आहे? मोजणी वेळेत झाली असती, बोलणी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवली असती, पडवीत बसण्याआधी कुणी आकड्या सोडायला लावल्या असत्या, तर कदाचित वाद शिव्यांवर भागला असता.

अभ्यास कसा करतात, ते सांगते. ब्रिटनमध्ये वेल्सची राजधानी कार्डिफ. तिथे जोनाथन शेफर्ड नावाचे शल्यचिकित्सक जबड्याची आणि चेहऱ्याची मोडलेली हाडं जोडायचे. त्यांनी रुग्णालयातल्या नोंदी पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तर मारहाणीत जखमी होऊन आलेल्यांपैकी मोठा भाग पोलिसांच्या दप्तरी नव्हताच. कुणी भीतीपोटी गप्प होतं, कुणाला मारणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं, कुणाची स्वतःचीच चौकशी होईल अशी धास्ती होती. मग त्यांनी अपघात विभागात केसपेपर काढणाऱ्या माणसाला तीन-चार प्रश्न जास्तीचे विचारायला लावले. नेमकं कुठे झालं, किती वाजता, कशाने मारलं, मारणारे किती होते. नावं काढून ही माहिती दर महिन्याला पोलीस आणि नगरपालिकेपुढे ठेवली जाऊ लागली. त्यातून कुठला दारूचा गुत्ता, कुठला रस्ता, कुठली वेळ, हे उघड दिसायला लागलं. गस्तीच्या जागा आणि वेळा बदलल्या, काही रस्ते रात्री वाहनांना बंद झाले, कॅमेरे योग्य ठिकाणी लागले. बिअरचे ग्लास फोडून तोंडावर मारतात हे दिसल्यावर, फुटलं तर बारीक तुकडे होणाऱ्या कडक काचेच्या ग्लासांचा आग्रह शेफर्ड यांनीच धरला. २०११ साली या कामाचा हिशेब प्रसिद्ध झाला. तशाच इतर चौदा शहरांशी तुलना केली, तर मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण कार्डिफमध्ये ४२ टक्क्यांनी कमी होतं. एका माणसाचाही स्वभाव न बदलता हे झालं.

अमेरिकेत मिनीआपोलिस शहरात लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवलं, की पोलिसांना आलेल्या निम्म्या फोनांचं मूळ शहरातल्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवर होतं. पुढे कितीतरी शहरांत हेच आढळलं. वाडीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, भांडणं कुठे होतात ते तो बोटावर मोजून सांगेल. पण म्हातारा सांगतो ते कागदावर येत नाही, आणि जे कागदावर येत नाही त्यावर ग्रामसभेत ठराव होत नाही.

आमच्याकडे कागद नाही असं नाही. मारहाणीचा रुग्ण आला की एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय नोंद, होते, पोलीस ठाण्याला कळवलं जातं, जखमेची लांबी-खोली लिहिली जाते. पण ती एका खटल्यापुरती. सगळ्या एमएलसी एकत्र ठेवून कुणी पाहत नाही. आणि कितीतरी जण ‘माडावरून पडलो’ म्हणून सांगतात. हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत, करंगळीच्या बाजूच्या हाडावर आडवा घाव असेल तर तो माडावरून पडून होत नाही. डोक्यावर येणारा वार अडवायला माणूस हात असा आडवा धरतो, म्हणून घाव त्या बाजूला बसतो. तुटलेल्या स्नायुबंधांची टोकं आखडून आत जातात, ती शोधून शिवावी लागतात, आणि इतकं करूनही शेवटची दोन बोटं कायमची वाकडी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या हाताने पुन्हा आंबा उतरवणं किंवा जाळं ओढणं जमत नाही.

माझ्या पाहण्यातले कोयतीचे घाव मे महिन्यात, शिमग्यात आणि गणपतीत जास्त असायचे, म्हणजे चाकरमानी गावी आले की. कारणं वहिवाटीची पाणंद, विहिरीचं पाणी, सामाईक सातबारा आणि पालखीचा मान. सहाणेवर पालखी कुणाच्या खांद्यावर आधी, यावरून झालेले घाव मी शिवले आहेत. ही माझी आठवण आहे, मोजणी नव्हे. मोजणी तुमच्यासारख्यांनी सुरू करावी असं मला मनापासून वाटतं. वहीत चार रकाने पुरेत: जागा, वेळ, कारण, हत्यार. नावं लिहू नका. वर्षभराने वही ग्रामसभेत उघडा.

एक बहीण, मालवण तालुका

*बाई, घोव पिऊन इलो की हात उगारता. दुसऱ्या दिवशी रडता, पाया पडता. गेल्या म्हयन्यात माझो गळो धरल्यान. डोळ्यांपुढे काळोख झालो. सासू म्हणता, घरातली गोष्ट भायर नेव नको. माका जीवाचा भय वाटता, पण पोरांक घेवन खंय जाव?*

गो बाय, तुझं पत्र मी सगळ्यांच्या आधी वाचलं आणि संपादकांना सांगितलं, की दुसरं काही कापा, पण हे उत्तर पूर्ण छापा.

सर्वात आधी गळ्याचं. थोबाडीत मारणं आणि गळा धरणं यांत फार मोठा फरक आहे. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकेतल्या परिचारिका. नवऱ्याच्या हातून मारल्या गेलेल्या बायकांच्या प्रकरणांचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. खून होण्याआधी त्या घरांत काय काय घडत होतं, हे तपासून त्यांनी धोका ओळखण्याचे प्रश्न तयार केले. त्यांच्याच गटाने २००८ साली दाखवलं, की ज्या बाईचा जोडीदाराने आधी एकदा गळा आवळला होता, तिचा पुढे खून होण्याचा धोका, मार खाणाऱ्या इतर बायकांपेक्षा सातपटीहून जास्त होता. म्हणून तुला वाटणारं भय खरं आहे. ते दाबू नकोस. सासू काय म्हणते त्यापेक्षा तुझं मन काय म्हणतं ते ऐक.

गळ्यावर वळ नसला तरी तपासून घे. आवाज बसला होता का, गिळताना दुखतं का, डोळ्याच्या पांढऱ्या भागात किंवा पापण्यांच्या आत लाल बारीक ठिपके दिसले का, शुद्ध गेली किंवा लघवी झाली का, हे डॉक्टरांना स्पष्ट सांग. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली तर काही दिवसांनी अर्धांगाचा झटका येऊ शकतो. महिना झाला आहे, तरी जा. ‘पडले’ म्हणून सांगू नकोस. पडलेल्या माणसाचे गुडघे, तळहात, हनुवटी फुटते. डोळ्याभोवती, कानावर, दंडाच्या आतल्या बाजूला पडण्याचे वळ येत नाहीत. मनावर घेणाऱ्या डॉक्टरला ते कळतं. तपासणीची लेखी नोंद मागून घे, तिची प्रत तुझा हक्क आहे.

आता दारूचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ज्यांचे नवरे वरचेवर पिऊन येतात अशा बायकांपैकी सुमारे ७० टक्के बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. न पिणाऱ्यांच्या घरात हेच प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास होतं. दारूचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. ब्राझीलमध्ये साओ पाउलोजवळ दियादेमा नावाचं शहर आहे. तिथे २००२ साली रात्री अकरानंतर दारूची दुकानं बंद करण्याचा कायदा झाला आणि खुनांची संख्या महिन्याला जवळजवळ नऊने घटली. आपल्याकडे बायकांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ निवडून आणलेली गावं आहेत, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण हेही बघ, न पिणाऱ्या घरातही २३ टक्के उरतातच. आणि पिऊन आलेला तुझा घोव वाटेत भेटलेल्या सरपंचावर हात टाकत नाही, घरी येऊन तुझ्यावर टाकतो. कुणावर हात उचललेला चालतो, हे त्याला दारूतही पक्कं ठाऊक असतं. म्हणून ‘दारू सुटली की सगळं ठीक होईल’ यावर तुझा जीव टांगून ठेवू नकोस.

करायचं काय, ते सांगते. आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, पोरांचे जन्मदाखले, लग्नाचा पुरावा आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून विश्वासाच्या शेजारणीकडे ठेव. तिच्याशी एखादी खूण ठरव, ती दिसली की तिने ११२ ला फोन लावायचा. तो तापला की स्वयंपाकघरात थांबू नकोस, तिथे विळी आणि सुऱ्या असतात. मागचं दार उघडं असलेल्या बाजूला राहा. १८१ हा महिलांसाठीचा नंबर रात्रीही चालतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्यामार्फत न्यायालयाकडून त्याला तुझ्यापासून दूर राहण्याचा आदेश मिळू शकतो. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी त्यात राहण्याचा तुला हक्क आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे पोरांसह तात्पुरता आसरा मिळतो. आणि जायचं ठरवलंस तर त्याला आधी सांगू नकोस. भांडणात ‘मी चालले’ म्हणून धमकी देऊ नकोस. बाई घर सोडते तो काळ सर्वात धोक्याचा असतो, हेही त्याच अभ्यासांतून पुढे आलं आहे.

सासूबाई हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते. याच सर्वेक्षणात मार सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. बाकीच्यांच्या घरातली गोष्ट घरातच राहिली. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि सेहत या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. तिथल्या परिचारिका पट्टी बांधता बांधता बाईला विचारतात, घरी कुणी मारतं का? विचारलं तर बायका सांगतात. आपल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हे विचारणारी एक सिस्टर असावी, ही मागणी मी नोकरीत असताना करत होते आणि आताही करते.

क्रिकेट मंडळाचा कार्यकर्ता, लांजा तालुका

*आमची प्रकाशझोतातली अंडरआर्म स्पर्धा दरवर्षी होते. यंदा अंतिम सामन्यात नो-बॉलवरून मारामारी झाली, स्टंप उपटून एकाच्या डोक्यात घातला. गावातले वडीलधारे म्हणतात, स्पर्धाच बंद करा. तुमचं मत?*

बंद करू नका रे. पोरांना रात्री मैदानावर आणणारी तेवढी एकच गोष्ट गावात आहे.

शिकागोत शाळेतल्या मुलांसाठी एक कार्यक्रम चालतो, त्यातला पहिला खेळ तुमच्या सरावात करून बघा. मुलांच्या जोड्या करायच्या. एकाच्या मुठीत चेंडू द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचं, तीस सेकंदांत तो मिळव. लगेच ओढाताण, झोंबाझोंबी, कुणाचा सदरा फाटतो. मग थांबवून विचारायचं, ‘चेंडू दे’ असं कुणी म्हणालं का? बहुतेकांनी तोंडच उघडलेलं नसतं. मागितला असता तर समोरच्याने भित्रा समजलं असतं, असं मुलं सांगतात. मग चेंडूवाल्याला विचारायचं, त्याने नीट मागितला असता तर? तो म्हणतो, दिला असता की, चेंडूच तर आहे. पुढचे आठवडे याच धाग्याने चालतात. राग आला त्या क्षणी समोरच्याच्या मनात काय आहे असं मी धरून चाललो, ते खरं होतं का, हे तपासायची सवय लावायची. जेन्स लुडविग, सारा हेलर वगैरे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट केले आणि तुलना केली. कार्यक्रम चालू असताना त्यातल्या मुलांना मारहाणीच्या गुन्ह्यांत झालेल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी होत्या. कार्यक्रम संपल्यावर तो परिणाम तसाच राहिला असं दिसलं नाही. म्हणून एका शिबिरावर भागवू नका, दर मोसमात पुन्हा घ्या. मुंबईतही क्रिकेटच्या प्रशिक्षकांनाच हाताशी धरून मुलांशी बायकामुलींवरच्या हिंसेबद्दल बोलण्याचा ‘परिवर्तन’ नावाचा उपक्रम झाला आहे. पोरं बापाचं ऐकत नाहीत पण कोचचं ऐकतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला फार लागलं: ‘पाचशे माणसं बघत होती, कुणी मध्ये पडलं नाही.’ असं सगळीकडे होत नाही. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ भांडणं संशोधकांनी तपासली. दहातल्या नऊ भांडणांत कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं, आणि बघणारे जितके जास्त तितकी ती शक्यता वाढत होती. कुणी हात धरला, कुणी दोघांच्या मध्ये उभं राहिलं, कुणी एकाला खांद्याला धरून बाजूला नेलं. एकटा मध्ये पडला तर त्यालाच लागतं, तीन-चार जण मिळून गेले तर वाद विझतो. तेव्हा ही माणसं आधीच नेमून ठेवा. दोन्ही संघांतले वयाने मोठे दोघे-दोघे, वेगळ्या रंगाची टोपी घालून, न पिता, शेवटच्या चेंडूपर्यंत सीमारेषेवर. पंच बाहेरगावचा आणा. आणि बक्षीस समारंभ संपेपर्यंत मैदानामागची गाडी, जिच्या डिकीत बाटल्या असतात, ती तिथे उभी राहू देऊ नका.

गृहिणी, रत्नागिरी शहर

*इथल्या मनोरुग्णालयाशेजारून जाताना मुलांना भीती वाटते. हल्ले करणारे बहुधा मनोरुग्णच असतात ना?*

नाही, ताई. अमेरिकेतल्या एका अंदाजानुसार गंभीर मानसिक आजार उद्या जगातून नाहीसे झाले, तरी हिंसा चारेक टक्केच कमी होईल. हे रुग्ण मारण्यापेक्षा मार जास्त खातात. आपल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात माणसं बरी होऊन घरी जातात. पोरांना एकदा तिथल्या सिस्टरांशी बोलायला घेऊन जा.

मच्छीमार, हर्णै

*एकदोघांना चौकात शिक्षा दिल्याशिवाय मारामाऱ्या थांबणार नाहीत. संशोधन कसलं करता?*

दादा, शिक्षा हवीच. पण संशोधन इतकंच सांगतं, की शिक्षा किती कडक यापेक्षा ती नक्की होणार का आणि लवकर होणार का, याला माणूस जास्त भितो. पर्ससीनचं, म्हणजे मासळीचा अख्खा थवा घेरून ओढणाऱ्या मोठ्या जाळ्याचं बघा. ५ फेब्रुवारी २०१६ ला शासनाने पर्ससीनवर निर्बंध आणले. नियम कागदावर असताना बंदीतल्या नौका डोळ्यांसमोर मासळी ओढून नेतात, तेव्हा पारंपरिक मच्छीमाराचा संयम सुटतो आणि समुद्रात नौका नौकेला भिडते. तिथे गस्तीनौका वेळेवर पोचली असती तर चौकातल्या शिक्षेची वेळच आली नसती.

पोलीस पाटील, गुहागर तालुका

*वाद मिटवायला गेलो तर दोन्हीकडून शिव्या खातो. तंटामुक्त समिती कागदावर आहे. एकाचं डोकं फुटलं की दुसऱ्या रात्री त्याची वाडी काठ्या घेऊन निघते. ही दुसरी मारामारी कशी थांबवायची?*

पाटील, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. सुडाची मारामारी हीच सर्वात आधी ओळखता येणारी मारामारी असते. कोण जाणार, कुणाकडे जाणार आणि साधारण कधी, हे सगळं आधी ठाऊक असतं.

गॅरी स्लटकिन नावाचे डॉक्टर क्षयरोगावर आणि सोमालियातल्या निर्वासितांत कॉलऱ्यावर काम करून शिकागोला परतले. गोळीबार कुठे कुठे झाले याचे नकाशे पाहून त्यांना साथीचे नकाशे आठवले, एकापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा. २००० साली त्यांनी त्याच वस्तीतली, पूर्वी टोळ्यांत राहिलेली माणसं पगारावर नेमली. जखमी रुग्णालयात आला, की हे लोक त्याच्या खाटेशी आणि बाहेर जमलेल्या त्याच्या दोस्तांशी बोलतात. आजची रात्र जाऊ दे, एवढंच आधी पदरात पाडून घेतात. काही वस्त्यांत गोळीबार कमी झाले, काही ठिकाणी फरक दिसला नाही. जिथे माणसं नीट निवडली आणि पगार नियमित दिले तिथे काम टिकलं, असं माझं वाचून झालेलं मत आहे.

गणवेश किंवा पद असलेला माणूस इथे कमी पडतो, म्हणून तुम्हाला शिव्या बसतात. दोन्ही घरांत ज्याचा चहा चालतो असा माणूस लागतो. भजनाचा बुवा असेल, दोन्हीकडची मुलं शिकवलेल्या बाई असतील, दोन्ही वाड्यांत लेकी दिलेली एखादी आजी असेल. अशा चार-पाच जणांची यादी आजच करा. डोकं फुटल्याचं कळलं की पहिल्या तासाभरात दोघांनी दवाखान्यात जायचं आणि दोघांनी त्याच्या वाडीत. त्या रात्री कोण बरोबर कोण चूक हे बोलायचंच नाही. चाकरमानी भाच्यांना तिथून हलवा, गावाचा पुढचा विचार नसलेली तीच पोरं काठ्या आधी उचलतात. मुंबईच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरू लागलेत का ते बघा, ते उतरवायला मुंबईच्याच वजनदार माणसाला सांगा. आणि ११२ ला कळवून ठेवा, त्यात कमीपणा नाही.

१५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा मला आनंद झाला होता. तिची कल्पना चांगलीच होती. पुढे बक्षिसासाठी मिटवलेल्या तंट्यांचे आकडे मोजले जाऊ लागले. झालेला तंटा मिटवणं आणि होणारी मारहाण टाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: नवऱ्याने बायकोला मारलं, मुलीवर जबरदस्ती झाली, अशी प्रकरणं समितीपुढे तडजोडीला कधीही घेऊ नका. तिथे दोन बाजू समान ताकदीच्या नसतात, आणि मिटवलं म्हणजे तिला पुन्हा त्याच्या हातात देणं होतं.

रिक्षाचालक, चिपळूण

*पोटात सुरी लागलेल्या मुलाला रिक्षात घालून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे म्हणाले, पोलीस केस आहे, आधी पोलीस आणा. पुढे सरकारी रुग्णालयात नेईपर्यंत फार रक्त गेलं. सुदैवाने वाचला. डॉक्टर असं म्हणू शकतात का?*

नाही म्हणू शकत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केलं, की जीव वाचवणं आधी, कागदपत्रं नंतर, आणि हे सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. पोलिसांना कळवण्याचं काम दवाखान्याचं, ते रुग्णाच्या नातेवाइकावर किंवा तुमच्यावर ढकलता येत नाही. पुन्हा असं झालं तर ‘कटारा निकाल’ एवढे दोन शब्द मोठ्याने बोला आणि नकार लेखी मागा. बहुतेक वेळा दार उघडतं.

तुम्ही त्या मुलाला उचललंत, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. पुढच्या वेळेसाठी काही गोष्टी रिक्षा स्टँडवरच्या सगळ्यांना सांगा. सुरी किंवा कोयती अंगात रुतलेली असेल तर ती उपसायची नाही. तिच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या जाड घड्या ठेवून ती हलणार नाही अशी धरायची, कारण तिनेच रक्त अडवलेलं असतं. हातापायातून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही तळहातांनी, सगळा भार टाकून दाबायचं, आणि बघण्यासाठी सारखं उचलायचं नाही. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवायचं. हळद, कॉफीची पूड, तंबाखू काही भरायचं नाही. पाणी, सरबत पाजायचं नाही, भूल द्यावी लागते. १०८ ला फोन करताना जागा सांगताना मैलाचा दगड, साकव, देऊळ असं काहीतरी ठळक सांगा, वाडीचं नुसतं नाव गाडीवाल्याला सापडत नाही. गाडीला वेळ लागणार असेल तर थांबू नका, तुमची रिक्षा काढा आणि मागच्या सीटवर जखमेवर दाब धरणारा माणूस बसवा. दवाखान्यात पोचल्यावर किती वाजता, कुठे आणि कशाने लागलं ते केसपेपर लिहिणाऱ्याला सांगा आणि त्याने ते लिहिलं का ते बघूनच निघा.